मदतीचा रकाना : वीजतंत्री व्यवसायाच्या एका तुकडीतील अंतर्गत गुणांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचे नाव दिलेले नाही व काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी त्या वेळी तेथे गट निदेशक होतो. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) या दोन व्यवसायांच्या शिल्प निदेशकांच्या कामावर देखरेख ठेवणे आणि अंतर्गत गुणांच्या पत्रकावर सही करणे ही माझी जबाबदारी होती. पुढे ज्या निर्णयांवर टीका केली आहे, त्यांतले निम्मे माझेच आहेत.

वीजतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय असून त्याला विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण अशी प्रवेशाची अट आहे. एका तुकडीत वीस प्रशिक्षणार्थी असतात. आमच्या तुकडीतील तेरा जण अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवरून, बहुतेक आश्रमशाळांतून शिकून आले होते. त्यांच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलली जाते. उरलेले सात जण तापीकाठच्या गावांतले, अहिराणी किंवा गुजरी बोलणारे. सगळ्यांची वये पंधरा ते अठरा. दोन मुली होत्या. महावितरणमध्ये शिकाऊ उमेदवारी, अंकलेश्वर-वापीकडचे कारखाने, नाहीतर शहाद्याच्या बाजारातले मोटार रिवायंडिंगचे दुकान, असा बहुतेकांचा हिशेब होता. पपई, केळी आणि उसाच्या या पट्ट्यात पाणबुडी पंपाची मोटार जळणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे हातात हा धंदा असलेला मुलगा रिकामा बसत नाही, हे पालकांना ठाऊक असते.

अभ्यासक्रमाबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा पेच त्यांतूनच निर्माण झाला. २०२२ च्या सुधारणेनंतर वर्षाचे प्रशिक्षण १६०० तासांवरून १२०० तासांवर आले. पहिल्या वर्षी त्यांत ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० सिद्धान्ताचे आणि १२० रोजगारक्षमता कौशल्यांचे. कार्यशाळा गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला यांचे वेगळे तास जाऊन ते विषय व्यवसायाच्या तासांतच मिसळले. म्हणजे ज्या मुलाचे गणित कच्चे आहे, त्याला ते पक्के करून घेण्यासाठी वेगळी खोली आणि वेगळी वेळ उरली नाही. दुसरी गोष्ट उत्तीर्ण होण्याच्या अटीची. सिद्धान्तात ३३ टक्के पुरतात, पण प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रत्येकी ६० टक्के लागतात. सिद्धान्ताची परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची असते. अंतर्गत मूल्यमापन मात्र पूर्णपणे निदेशकाच्या हाती असते.

अडचण

अंतर्गत गुणांबाबत आमच्याकडे एक न बोललेली रीत होती. पत्रकात कोणालाही ६५ च्या खाली आणि ८० च्या वर गुण नसत. वर्षभर जॉब, म्हणजे कार्यशाळेत करायची सरावाची कामे, कसेही होवोत, पत्रक भरताना पेन आपोआप त्या पट्ट्यात फिरे. ही रीत कोणी सुरू केली ते सांगता येणार नाही; मी रुजू झालो तेव्हा ती होती आणि मीही ती अनेक वर्षे पाळली.

त्या वर्षी वीजतंत्रीच्या पहिल्या वर्षाला नवे निदेशक आले. त्यांनी आधी नाशिककडे एका कारखान्यात देखभाल विभागात काम केले होते. नोव्हेंबरअखेर त्यांनी पहिल्या फेरीचे पत्रक माझ्यासमोर ठेवले. वीसपैकी नऊ जणांना ६० पेक्षा कमी गुण होते, त्यांतले दोघे चाळिशीत.

मी पत्रक घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी मांडलेले मुद्दे अजिबात टाकाऊ नव्हते. ही मुले घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिली पिढी. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत बारडोलीकडे निघतात, तेव्हा ‘मुलगा तिथे नापास होतोय’ एवढे कानावर आले की बाप त्याला कोयता देऊन सोबत नेतो. शिवाय निकालाचा आकडा संस्थेच्या प्रतवारीत धरला जातो. आणि तिसरा मुद्दा, जो त्यांनी सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात सांगितला : आधीच्या तुकड्यांना सरसकट गुण दिलेच होते, मग याच मुलांच्या वाट्याला हा काटेकोरपणा का?

निदेशकांचे म्हणणे दोन वाक्यांचे होते. हा मुलगा उद्या कोणाच्या तरी घरात वायरिंग करणार आहे. त्याला साठ गुण दिले, म्हणजे त्याचे काम तपासायची गरज नाही असे मी त्या घराला सांगितल्यासारखे होते.

पत्रकावर सही करण्यापूर्वी मी एक मागणी केली, आणि या प्रकरणात माझ्याकडून झालेली ती बहुधा एकमेव वेळेवरची गोष्ट असावी : नऊही जणांचे सगळे जॉब आणि नोंदवह्या कार्यशाळेतल्या लांब टेबलावर मांडा. आम्ही दोघांनी एक पूर्ण दुपार त्यांत घालवली. ब्रिटानिया जॉइंट आणि वेस्टर्न युनियन जॉइंट हे तारा जोडायचे प्रकार, लाकडी फळ्यांवरचे जिन्याचे वायरिंग, मेगरचे, म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळते का हे तपासणाऱ्या यंत्राचे, वाचन लिहिलेल्या वह्या.

नऊ जण नापास होण्याची कारणे एकसारखी नव्हती. चौघांचे हात चांगले होते. त्यांचे जॉइंट घट्ट आणि सुबक होते, सोल्डर चकचकीत बसलेले होते. चूक जोडणीच्या नकाशात होती, कारण जॉबचा कागद त्यांनी वाचलाच नव्हता, शेजाऱ्याचे पाहून केले होते आणि शेजाऱ्याचे चुकले होते. तिघांचे गणित अडत होते, तेही एका विशिष्ट ठिकाणी. एकाच्या वहीत इन्सुलेशन तपासणीचे वाचन ‘५० किलोओहम’ आणि त्यापुढे ‘योग्य’ असे लिहिलेले होते. घरगुती वायरिंगला निदान १ मेगओहम हवे हे त्याला पाठ होते. मी विचारले, तर तो म्हणाला, ‘एकपेक्षा पन्नास जास्त ना सर.’ उरलेले दोघे कार्यशाळेत फारसे आलेच नव्हते.

वाचनाची अडचण केवळ पाड्यावरच्या मुलांची असेल, अशी माझी समजूत होती. ती तापीकाठच्या एका मुलाने मोडली. त्याला मी जॉबचा कागद मोठ्याने वाचायला लावला. त्याने तो न अडखळता वाचला आणि मान वर करून म्हणाला, ‘वाचता येस सर, पन समजत नही.’ कागदावर लिहिले होते : ‘परिपथातील रोधन रोध मापून नोंद करा.’ कार्यशाळेत हेच काम आम्ही वर्षभर ‘मेगर लाव’ असे म्हणून सांगत आलो होतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे जुनी रीत : नऊही जणांना ६५ देऊन पुढे जाणे. तो सर्वांत सोपा होता, आणि त्याने त्या वर्षी कोणाचेही नुकसान कागदावर दिसले नसते.

दुसरा पर्याय पत्रक आहे तसे ठेवण्याचा. निदेशकांचा कल याकडे होता. पण टेबलावर जॉब मांडल्यानंतर त्यांचाही जोर कमी झाला. ज्या मुलाचा जॉइंट निदेशकाच्या जॉइंटशेजारी ठेवला तर ओळखू येत नाही, त्याला ‘काम येत नाही’ असे म्हणणारे पत्रक खरे कसे?

तिसरा पर्याय प्राचार्यांनी सुचवला. कच्च्या मुलांना पुढच्या वर्षी तारतंत्रीला घ्यावे. त्या व्यवसायाला दहावी अनुत्तीर्ण मुलेही चालतात, तेव्हा तो ‘सोपा’ पडेल. याला मी ठाम विरोध केला आणि आजही माझे मत तेच आहे. तारतंत्रीच्या प्रवेशाची अट खाली आहे, पण तारतंत्री ज्या तारेला हात लावतो तिच्यातला दाब कमी नसतो. एका व्यवसायात न टिकलेला मुलगा दुसऱ्या व्यवसायात ढकलला, की तो व्यवसाय ‘खालचा’ ठरतो आणि त्याचे निदेशकही तसेच शिकवू लागतात.

चौथा पर्याय नियमाच्या मजकुरातच होता, आणि तो सापडायला आम्हाला आठवडा लागला, हे नमूद करायला संकोच वाटतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तीन पट्ट्यांत द्यायचे असतात : ६० ते ७५, ७५ ते ९० आणि ९० च्या वर. प्रत्येक पट्टीचे वर्णन दिलेले आहे. खालच्या पट्टीसाठी काम मान्य दर्जाचे हवे, पण अधूनमधून मार्गदर्शन लागले तरी चालते. मधल्या पट्टीसाठी थोडी मदत. वरच्या पट्टीसाठी जवळजवळ शून्य. म्हणजे मदत घेणे ही चोरी नाही. साठ गुणांच्या व्याख्येतच मदत गृहीत धरलेली आहे. कमी दर्जाचे काम मात्र कोणत्याच पट्टीत बसत नाही. आम्ही आजवर नेमके उलटे करत आलो होतो : मदत देत नव्हतो, आणि दर्जा सोडून देत होतो.

या पर्यायाची अडचण उघड होती. मदत म्हणजे काय, ती किती, आणि ती मोजायची कोणी? एका निदेशकाला वीस मुले, बारा वर्कबेंच, दोन मेगर.

पहिला निर्णय : मदत मोजायची

आम्ही चौथा पर्याय घेतला. प्राचार्यांनी जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर पहिल्या फेरीचे पत्रक ‘तात्पुरते’ म्हणून ठेवायचे आणि पालकांना काही कळवायचे नाही, असे ठरले. ही दुसरी अट मला पटली नव्हती, पण टोळ्या निघायचे दिवस होते आणि मी वाद घातला नाही.

प्रत्येक जॉबसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड केले. त्यावर नेहमीचे रकाने होतेच : मोजमाप, सुबकपणा, वेळ, चाचणी. त्यांत एक नवा रकाना घातला, ‘मदत’. त्यात तीन खुणांपैकी एक करायची. ‘वा’ म्हणजे कागद वाचून दाखवला किंवा त्याच्या भाषेत सांगितला. ‘न’ म्हणजे जोडणीचा नकाशा समजावून सांगावा लागला. ‘हा’ म्हणजे दुसऱ्याचा हात जॉबला लागला. ‘वा’साठी गुण कापायचे नाहीत. ‘न’ असेल तर त्या जॉबला ७५ च्या वर जाता येणार नाही. ‘हा’ असेल तर जॉब रद्द, पुन्हा करायचा. कितीही वेळा करता येईल, पण नव्या तारेने आणि सुरुवातीपासून.

‘वा’ फुकट ठेवण्यावर आमची बरीच चर्चा झाली. निदेशकांचे म्हणणे असे की कारखान्यात कोणी कागद वाचून दाखवत नाही. माझे म्हणणे असे की आपण या जॉबमध्ये जोडणी तपासतो आहोत, पुस्तकी मराठी नाही. आणि शहाद्याच्या कोणत्या दुकानात ‘रोधन रोध’ म्हणतात ते मला दाखवा. शेवटी माझे चालले. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

जॉबचे कागदही बदलले. मूळ मजकूर ठेवला, कारण परीक्षेत तोच येतो. पण त्याखाली कार्यशाळेतल्या भाषेत एक ओळ लिहिली. पावरीतून सांगायला तुकडीतलीच एक मुलगी पुढे आली. ती मोलगीकडच्या एका पाड्यावरची, मराठी स्वच्छ बोलणारी, आणि पहिल्या फेरीत ८४ गुण असलेली.

गणिताचे तिघे होते त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी कार्यशाळा बंद झाल्यावर पाऊण तास ठरवला. निदेशकांनी दोन दिवस दशांश चिन्ह फळ्यावर शिकवले आणि काहीही हाती लागले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या ‘५० किलोओहम’वाल्या मुलाला विचारले की ५० किलो ऊस जास्त की १ टन. मुलगा हसला. तो दोन हंगाम आईबापासोबत तोडीवर राहिला होता; टन म्हणजे हजार किलो, आणि मजुरी टनावर मिळते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मेगचे आणि किलोचे नाते तेच आहे, एवढे सांगितल्यावर तो स्वतःच्या वहीत मागे गेला, त्याने ‘योग्य’ या शब्दावर काट मारली आणि शेजारी लिहिले, ‘गळती आहे’. मिलिअँपिअरला हाच मार्ग उपयोगी पडला नाही, कारण तिथे एककापेक्षा खाली उतरावे लागते. त्याला किलो आणि ग्रॅम वापरले. मुद्दा असा की ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि ०.३ अँपिअरला तुटणारी आरसीसीबी यांत दहापटीचा फरक आहे, आणि माणूस वाचणे-न वाचणे त्या दहापटीत आहे, हे त्या तिघांना जानेवारीत कळले. पहिल्या फेरीत पास झालेल्या अकरांपैकी किती जणांना ते कळले होते, हे आम्ही तपासले नाही.

दुसरा निर्णय : वसतिगृहातल्या दिव्यानंतर

फेब्रुवारीत वसतिगृहाच्या व्हरांड्यातला स्विचबोर्ड बदलायचा होता. अशी किरकोळ कामे प्रशिक्षणार्थ्यांकडूनच करून घेतली जातात. हे काम ज्या मुलाने केले त्याचे गुण नव्या कार्डांवर ५२ वरून ६४ झाले होते आणि आम्ही त्याचे नाव प्राचार्यांना कौतुकाने सांगितले होते. दिवा लागला, बोर्ड सरळ बसला, सगळे ठीक.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तिथला होल्डर बदलायला चढला. स्विच बंद होता. त्याने सवयीने होल्डरला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. स्विच फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेऐवजी न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) टाकलेला होता. दिवा विझत होता, पण होल्डरवर फेज कायम होता. त्या मुलाला टेस्टर लावायची सवय होती म्हणून ही नोंद अशी कोरडी लिहिता येते आहे.

आम्ही कार्डे काढली. त्या मुलाच्या जिन्याच्या वायरिंगच्या कार्डावर ‘चाचणी’च्या रकान्यात ‘दिवा लागतो’ असे लिहिलेले होते आणि खाली निदेशकांची सही होती. भाषा, मदत, गणित यांचा विचार करता करता आम्ही नव्या कार्डात पोलॅरिटी तपासणीची, म्हणजे स्विच फेजमध्येच आहे ना हे पाहण्याची, ओळच घातली नव्हती. जुन्या छापील नमुन्यात ती होती.

यानंतरची बैठक तासाभरात संपली. चार चुका ठरवल्या : स्विच न्यूट्रलमध्ये असणे, अर्थची (जमिनीशी जोडणारी) तार सुटलेली किंवा जोडलेलीच नसणे, पुरवठा बंद करून टेस्टरने खात्री न करता हात घालणे, टर्मिनलबाहेर तारेचे सुटे धागे राहणे. यांतली एकही आढळली, तर बाकी जॉब कितीही सुंदर असो, गुण शून्य आणि जॉब पुन्हा. चौथ्या चुकीवर प्राचार्यांचा आक्षेप होता की ती सुबकपणात धरावी. निदेशकांनी कारखान्यातला एक जळालेला पॅनेल आठवून सांगितला आणि ती यादीत राहिली.

अर्थची चूक यादीत घालताना एक गोष्ट लक्षात आली. मुले अर्थची तार ‘विसरत’ नव्हती. त्यांच्या घरी, पाड्यावर आणि गावातही, बोर्डाला तिसरी पिन असते, पण तिच्यामागे काही जोडलेले नसते. त्यांच्या लेखी ती पिन शोभेची होती. म्हणून मार्चमध्ये सगळ्या तुकडीकडून संस्थेच्या आवारात पाइप अर्थिंग करून घेतले : ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी (जीआय) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मुरमाड जमीन फोडताना वीसही जणांचे हात सोलवटले. त्यानंतर अर्थची तार सोडणारे कमी झाले. शिक्षणशास्त्रातला याचा शब्द मला माहीत नाही.

चार चुकांचा नियम सर्वांना सारखा लावला आणि त्याचा पहिला फटका बसला तो तुकडीतल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला. त्याच्या ८८ गुणांच्या जॉबमध्ये अर्थचा स्क्रू सैल निघाला. त्याचे वडील तालुक्यात वजन असलेले शेतकरी. ते भेटायला आले आणि ‘आदिवासी पोरांना पुन्हा पुन्हा करू देता आणि माझ्या पोराला शून्य?’ असे त्यांनी विचारले. निदेशकांनी त्यांना त्यांच्याच मुलाचे कार्ड दाखवून सांगितले की त्यालाही पुन्हा करता येईल, नव्या तारेने आणि सुरुवातीपासून. ते समाधानाने गेले असे म्हणता येणार नाही, पण मुलाने जॉब पुन्हा केला.

परिणाम

नऊपैकी सहा जण वर्षअखेर स्वतःच्या कामावर ६० च्या वर गेले. त्यांच्या कार्डांवर ‘न’ची खूण डिसेंबरमध्ये जवळजवळ प्रत्येक जॉबला होती, मेमध्ये ती क्वचित दिसते. एक जण भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार-उत्सव) आणि होळीसाठी गावी गेला तो परत आला नाही. घरचे तोडीवर होते आणि धाकटी भावंडे त्याच्यावर होती. एकाची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली राहिल्याने त्याला परीक्षेला बसता आले नाही.

नववा मुलगा ५७ वर थांबला. त्याने जवळजवळ प्रत्येक जॉब दोनदा केला होता आणि चार चुकांपैकी एकही त्याच्याकडून एप्रिलनंतर झाली नव्हती. तो फक्त संथ होता आणि वेळेच्या रकान्यात गुण जात होते. निदेशकांनी ५७ च लिहिले. पत्रकावर ६० मी केले. त्या तीन गुणांचे समर्थन मी अनेक प्रकारे करू शकतो, पण कार्डावर ते तीन गुण कोठेही नाहीत.

प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेले अठराही जण उत्तीर्ण झाले, त्यामुळे प्राचार्यांची काळजी मिटली. संगणकावरच्या सिद्धान्त परीक्षेत दोघे अडकले. दोघेही वाचनाची अडचण असलेल्या त्या चौघांपैकीच होते, आणि त्यांतला एक असा की ज्याच्या हाती मी माझ्या घरची मोटार डोळे मिटून दिली असती. पडद्यावरचा प्रश्न वाचून दाखवायला तिथे कोणी नव्हते.

वेगळे काय करता आले असते

‘वा’ फुकट ठेवण्याचा माझा आग्रह अर्धा चुकीचा होता. जोडणीची परीक्षा घेताना भाषेची परीक्षा घेऊ नये, हे म्हणणे मी सोडलेले नाही. पण मदतीला गुण जात नाहीत म्हटल्यावर ती वर्षभर त्याच प्रमाणात चालू राहिली. डिसेंबरमध्ये पूर्ण कागद वाचून दाखवला, मेमध्येही पूर्णच दाखवला. ‘न’ची खूण कमी होत गेली, कारण तिला किंमत होती, ‘वा’ची तशीच राहिली. डिसेंबरात सगळा कागद, फेब्रुवारीत फक्त अडलेला शब्द, एप्रिलपासून भिंतीवरची शब्दांची यादी आणि स्वतःचे डोळे, अशी ती उतरती ठेवायला हवी होती. निदेशकांचे म्हणणे मी त्या वेळी ‘कारखान्याचा ताठा’ म्हणून उडवून लावले होते.

पावरीतून सांगणाऱ्या त्या मुलीची किंमत आम्ही फार उशिरा पाहिली. तिचे गुण दुसऱ्या फेरीत ८४ वरून ७३ वर आले. ती रोज चार-पाच जणांचे कागद समजावून सांगत होती आणि तिचा स्वतःचा जॉब शेवटच्या अर्ध्या तासात उरकत होती. तिने तक्रार केली नाही. एप्रिलमध्ये निदेशकांनी कार्डे एकाखाली एक लावली तेव्हा हे दिसले. मग दुसऱ्या वर्षाच्या तिघांना मदतीला घेऊन पाळ्या लावल्या. त्या कामासाठी मानधन मागितले होते. त्याला लेखाशीर्ष नाही असे उत्तर आले. मुलांपर्यंत शिक्षण पोचवायचे म्हणून आम्ही जे केले त्याचा भार सोळा वर्षांच्या एका प्रशिक्षणार्थीवर टाकला होता, आणि तोही नेमक्या त्या मुलीवर, जिला मधल्या पट्टीतून वर जाता आले असते.

दशांश आणि एककांची दहा प्रश्नांची चाचणी प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती, वीसही जणांची. दहावीला गणितात किती गुण आहेत यावरून ते कळत नाही. १२०० तासांच्या वर्षात नोव्हेंबरअखेरपर्यंतचे महिने ही फार मोठी रक्कम आहे.

पहिल्या फेरीचे गुण पालकांपासून लपवण्याने काही साधले असे मला वाटत नाही. जो मुलगा होळीनंतर आला नाही, तो गुणांमुळे थांबला नव्हता. त्याच्या घरी एकदा जाऊन ‘तुमच्या मुलाचा हात चांगला आहे, नकाशा वाचायला शिकतो आहे’ एवढे सांगितले असते, तर तो आला असता की नाही हे सांगता येत नाही. पण त्या घराला आमच्याकडून काहीच कळले नव्हते.

प्राचार्यांचा तो हळू आवाजातला प्रश्न, आधीच्या तुकड्यांचे काय, तसाच पडून राहिला. मी सही केलेल्या जुन्या पत्रकांवरचे ६५ आणि ७० घेऊन गेलेली मुले आज तळोद्यात, शहाद्यात, सुरतेत कामे करत आहेत. त्यांच्यापैकी जी तालुक्यात आहेत त्यांना एका रविवारी बोलावून चार चुकांची तपासणी करावी, असे निदेशकांनी सुचवले होते. प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाला पुन्हा कसे तपासणार, असे म्हणून मी ते टाळले.

मदतीचा रकाना असलेली कार्डे पुढच्या वर्षी संस्थेने छापून घेतली, या वेळी पोलॅरिटीच्या ओळीसह. तोवर निदेशकांची बदली झाली होती. ऑक्टोबरात मी नव्या तुकडीची कार्डे मागवून घेतली. वीसही कार्डांवर प्रत्येक जॉबला ‘वा’, एकालाही ‘न’ नाही, गुण ६५ ते ८० च्या मध्ये, आणि सगळ्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच दिवशी भरलेल्या. मी ती कार्डे सही न करता परत पाठवली. आठवड्याने ती पुन्हा आली. या वेळी शाई दोन रंगांची होती.